सोलापुरात टीव्ही ट्यूनर घेताय? आधी सिग्नल ओळखा, मग यंत्र घ्या

"कॉम्प्युटरला ट्यूनर लावून चॅनेल रेकॉर्ड करायचेत, कुठला घेऊ?" असं कोणी विचारलं की मी उलट विचारते, तुमच्या घरी टीव्हीचा सिग्नल कुठून येतो? छत्रीतून, केबलवाल्याच्या वायरीतून, की नुसत्या इंटरनेटवरून? समोरच्याला वाटतं, ही मुद्द्याचं सोडून भलतंच विचारते. पण ऑनलाइन दुकानांत 'टीव्ही ट्यूनर' या एकाच नावाखाली निदान चार जातींची यंत्रं विकतात आणि सोलापूरच्या घरात त्यातली एकच जात खऱ्या अर्थाने कामाची आहे. चुकीची जात घेतली की यंत्र उत्तम असूनही स्क्रीनवर 'चॅनेल सापडले नाही' एवढंच दिसतं, आणि विकणारा म्हणतो, "आमचा माल चांगला आहे, तुमच्याकडे सिग्नल नाही." तो खोटं बोलत नसतो.

१. ट्यूनर काय करतो, तेवढं समजून घ्या

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी सोडू नका. पुढचे बहुतेक घोटाळे इथूनच उलगडतात.

सॅटेलाइटवरून येणारी चॅनेल एकेकटी येत नाहीत, गठ्ठ्याने येतात. एका फ्रिक्वेन्सीवरच्या अशा गठ्ठ्याला ट्रान्सपाँडर म्हणतात. त्याला एसटीची गाडी समजा. गाडीत वीसेक प्रवासी बसलेत. ट्यूनर एकट्या प्रवाशाला हात करू शकत नाही, तो अख्खी गाडी थांबवतो आणि मग आपल्याला हवा तो प्रवासी उतरवून घेतो. एका ट्यूनरला एका वेळी एकच गाडी थांबवता येते. म्हणून एकाच ट्रान्सपाँडरवरची दोन-तीन चॅनेल एका ट्यूनरने एकदम रेकॉर्ड होऊ शकतात, पण दोन वेगळ्या ट्रान्सपाँडरवरची दोन चॅनेल होऊ शकत नाहीत. 'एक पाहत असताना दुसरं रेकॉर्ड का होत नाही' या नेहमीच्या प्रश्नाचं उत्तर हेच.

लहर पकडली की ट्यूनरमधला डिमॉड्युलेटर त्यातून आकडे वेगळे काढतो आणि वाटेत झालेल्या चुका दुरुस्त करतो. हाती येते ती ट्रान्सपोर्ट स्ट्रीम, म्हणजे १८८ बाइटच्या पाकिटांची न संपणारी रांग. प्रत्येक पाकिटावर पीआयडी नावाचा क्रमांक असतो. अमुक क्रमांकात चित्र, तमुक क्रमांकात आवाज, आणखी एकात कार्यक्रमांचं वेळापत्रक. कुठल्या चॅनेलचे क्रमांक कुठले, याची यादीही त्याच रांगेतून सतत येत राहते.

डिजिटल रेकॉर्डिंग म्हणजे हव्या त्या क्रमांकांची पाकिटं उचलून जशीच्या तशी डिस्कवर लिहिणं. चित्र नव्याने तयार करावं लागत नाही, त्यामुळे प्रोसेसरला फारसं काम नसतं आणि चित्राचा दर्जाही उतरत नाही. अडगळीत पडलेला जुना कॉम्प्युटरसुद्धा रेकॉर्डिंगला पुरतो. पूर्वीच्या ॲनालॉग कार्डांचं उलट होतं. ती आलेलं चित्र आधी आकड्यांत बदलायची, मग आकसवायची आणि मग साठवायची. 'ट्यूनरसाठी भारी कॉम्प्युटर लागतो' ही समजूत त्या काळातली आहे.

२. घरी कुठला सिग्नल येतो ते ठरवा

गच्चीवरचा अँटेना. जुना माशाच्या काट्यासारखा अँटेना अजून गंजत उभा असेल तर तो भंगारात द्यायला हरकत नाही. दूरदर्शनने २०१६ मध्ये १६ शहरांत डीव्हीबी-टी२ हे डिजिटल प्रक्षेपण सुरू केलं. (डीव्हीबी हे डिजिटल टीव्ही प्रक्षेपणाचं मानक. त्यापुढचं टी म्हणजे जमिनीवरच्या ट्रान्समीटरवरून, सी म्हणजे केबलवरून, एस म्हणजे सॅटेलाइटवरून.) त्यात महाराष्ट्रातून मुंबई आणि तेव्हाचं औरंगाबाद होतं, सोलापूर नव्हतं. पुढे देशभरातले बहुतेक ॲनालॉग ट्रान्समीटरही बंद झाले. त्यामुळे पेन ड्राइव्हसारखा दिसणारा, सोबत बोटभर अँटेना असलेला स्वस्त डोंगल सोलापुरात टीव्ही पकडत नाही. तो डीव्हीबी-टी जातीचा असतो. अशा डोंगलात आरटीएल२८३२यू ही चिप निघाली तर त्यावर एफएम रेडिओ ऐकता येतो, हौशी लोक आणखी बरंच काही ऐकतात. तो वेगळा आणि मजेचा छंद आहे, पण मालिका रेकॉर्ड करायच्या तर त्याचा उपयोग नाही.

केबल. केबल डिजिटल करण्याच्या दुसऱ्या टप्प्यात ३८ शहरं होती आणि त्यात सोलापूर होतं. मुदत होती ३१ मार्च २०१३. त्याआधी केबलची वायर थेट कॉम्प्युटरच्या ॲनालॉग कार्डात खुपसली की सगळी चॅनेल दिसत. ज्यांनी तो काळ पाहिला आहे ते अजूनही तीच अपेक्षा धरून बसतात. आता त्या वायरीतून डीव्हीबी-सी पद्धतीचा डिजिटल सिग्नल येतो, आणि केबलच्या कायद्याप्रमाणे चॅनेल एन्क्रिप्ट करूनच द्यावी लागतात. डीव्हीबी-सी ट्यूनर लावला तर चॅनेलांची नावं सापडतात, चित्र मात्र काळं. कुलूप उघडायची किल्ली केबलवाल्याच्या बॉक्समध्ये असते.

खासगी डीटीएच. इथेही तेच. महिन्याला रिचार्ज करावी लागणारी छत्री असेल तर ते चॅनेल त्या कंपनीच्याच बॉक्समध्ये उघडतात. कुलूप तोडून देतो म्हणणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. ते बेकायदा आहे आणि टिकतही नाही.

डीडी फ्री डिश. प्रसार भारतीची ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये 'डीडी डायरेक्ट प्लस' या नावाने सुरू झाली. महिन्याचे पैसे नाहीत, आणि ट्यूनरवाल्यांच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे बहुतेक चॅनेल मोकळी आहेत. ती जीसॅट-१५ या उपग्रहावरून येतात. नोव्हेंबर २०१५ मध्ये एरियन-५ रॉकेटने सोडलेला हा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. डीडी सह्याद्री तर आहेच, शिवाय कानडी चंदना आणि तेलुगू यादगिरीही आहेत. आपल्याकडे एकाच वाड्यात तीन भाषांची घरं असतात, तिथे याचं मोल वेगळं सांगायला नको. मुलं शिकत असतील तर २०१७ मध्ये सुरू झालेली 'स्वयंप्रभा'ची शैक्षणिक चॅनेलही याच उपग्रहावरून मोफत येतात. माझ्या मते रेकॉर्ड करण्यासारखी सगळ्यात चांगली वस्तू तीच आहे. तास चुकला तरी रात्री सावकाश पाहता येतो.

म्हणजे सोलापुरात ट्यूनर म्हणजे डीव्हीबी-एस२, सोबत फ्री डिशची छत्री. पुढचं सगळं त्याबद्दल.

३. तुमच्यासाठी कुठला मार्ग, ते निवडा

मार्ग तीन आहेत आणि मी त्यांना सारखे मानत नाही.

पहिला मार्ग, रेकॉर्डिंगची सोय असलेला फ्री-टू-एअर, म्हणजे बिनकुलपाची मोफत चॅनेल दाखवणारा सेट टॉप बॉक्स. मागे किंवा पुढे यूएसबीची खाच असते, त्यात पेन ड्राइव्ह लावायचा, रिमोटवर रेकॉर्डचं बटण दाबायचं. दहापैकी आठ घरांना एवढंच पुरतं. घेताना दोन गोष्टी दुकानातच तपासा. एक, बॉक्स एमपेग-४ (चित्र आकसवून पाठवायची नवी पद्धत) आणि डीव्हीबी-एस२ दोन्ही पकडतो का. जुन्या एमपेग-२ बॉक्सवर फ्री डिशची काही चॅनेल दिसतच नाहीत. दोन, यूएसबी फक्त गाणी-फोटो दाखवायला आहे की रेकॉर्डिंगलाही. खोक्यावर 'यूएसबी' लिहिलेलं असणं पुरेसं नाही. दुकानदाराला पेन ड्राइव्ह लावून मिनिटभर रेकॉर्ड करून दाखवायला सांगा. नवी पेठेत भर गर्दीच्या वेळी तो कुरकुरेल, पण करून दाखवेल.

दुसरा मार्ग, कॉम्प्युटरला जोडायचा डीव्हीबी-एस२ ट्यूनर, यूएसबीचा किंवा आत बसवायचा. टीबीएस ही या यंत्रांमधली जुनी कंपनी. खर्च काही हजारांत जातो. ज्यांना बरंच रेकॉर्ड करायचंय, फाइली नीट लावून ठेवायच्या आहेत, घरातल्या सगळ्या मोबाइलवर पाहायच्या आहेत, त्यांनीच या वाटेला जावं. लिनक्सवर चालवणार असाल तर त्या मॉडेलचा ड्रायव्हर तुमच्या आवृत्तीसाठी मिळतो का, हे पैसे देण्याआधी बघा.

तिसरा मार्ग, टीव्हीच्या आतच असलेला सॅटेलाइट ट्यूनर. अशा टीव्हींसाठी आयएस १८११२ : २०२२ हे भारतीय मानक आलेलं आहे. टीव्हीच्या मागे आटे असलेली, स्क्रूसारखी गोल खाच असेल तर तुमच्याकडे तो असण्याची शक्यता आहे. पाहण्यासाठी छान, रेकॉर्डिंगसाठी मात्र मी सुचवणार नाही. बऱ्याच टीव्हींमध्ये रेकॉर्डिंगची सोयच नसते. जिथे असते तिथे फाइल बहुधा कुलूपबंद होते आणि त्या एकाच टीव्हीवर चालते. टीव्ही बिघडला की साठवलेलं सगळं गेलं. शिवाय पहिल्यांदा डिस्क लावताच टीव्ही ती फॉरमॅट करायला मागतो. त्यात लग्नाचे फोटो असतील तर 'हो' दाबण्यापूर्वी थांबा.

केबल किंवा खासगी डीटीएचच हवं असेल तर त्याच कंपनीचा रेकॉर्डिंगवाला बॉक्स मागा. रेकॉर्डिंग त्या बॉक्समध्येच राहतं, बाहेर काढता येत नाही, हे धरून चला.

४. सामान आणि कागद

- साठ सेंटिमीटरची केयू बँड छत्री. गच्चीवर जागा असेल तर नव्वदची घ्या, पावसात फरक कळतो.
- युनिव्हर्सल एलएनबी (९७५०/१०६००), म्हणजे छत्रीसमोरच्या दांडीवर बसणारा, सिग्नल गोळा करणारा डबा. आकड्यांचा अर्थ सहाव्या भागात. दोन ट्यूनर किंवा दोन खोल्या असतील तर दोन तोंडांचा, म्हणजे ट्विन.
- आरजी-६ वायर, मोजून दोन मीटर जास्त.
- एफ कनेक्टर (वायरीच्या टोकाला बसवायची आटेवाली टोपी), दोन जादा. पहिला बहुधा बिघडतोच.
- १० आणि ११ नंबरचे पाने, पक्कड, रबरी टेप, भिंतीत बसवायचे बोल्ट.
- मोबाइलमधलं होकायंत्र आणि कोन मोजायचं ॲप.
- पेन ड्राइव्ह किंवा डिस्क. पोर्टेबल हार्ड डिस्क लावायची तर बॉक्सची यूएसबी तिला पुरेशी वीज देते का ते पाहा. डिस्क टकटक आवाज करून बंद पडत असेल तर वीज कमी पडतेय.

फ्री डिशला ओळखपत्र, अर्ज, नोंदणी काहीही लागत नाही. कोणी 'रजिस्ट्रेशन फी' किंवा 'वर्षाचा पॅक' म्हणून पैसे मागितले तर देऊ नका. कागद लागतात ते दोनच. एक, जीएसटीचं पक्कं बिल, कारण वॉरंटी त्यावरच चालते. दोन, अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर गच्चीवर छत्री लावायला सोसायटीची लेखी परवानगी. भाड्याच्या घरात मालकाची. तोंडी 'लावा की' वर विसंबू नका. गच्चीचं वॉटरप्रूफिंग निघालं की पहिली छत्री तुमची निघते.

५. छत्री लावा

सगळ्यात जास्त लोक इथे थकतात, आणि कारण बहुतेक वेळा साधं असतं.

सोलापुरातून जीसॅट-१५ खऱ्या उत्तरेपासून सुमारे १३४ अंशांवर, म्हणजे जवळजवळ बरोबर आग्नेयेला आहे. वास्तुवाले स्वयंपाकघर ज्या कोपऱ्यात सांगतात, तोच कोपरा. ढोबळ खूण हवी असेल तर अक्कलकोट ज्या बाजूला आहे त्याच्या जरा दक्षिणेकडे तोंड करून उभं राहा. क्षितिजापासून उंची सुमारे ६१ अंश, म्हणजे मान बरीच वर करावी लागते. ही उंची आपल्या फायद्याची आहे. छत्रीच्या पातळीपासून तीन मीटर उंच भिंत समोर असली, तरी ती पावणेदोन मीटर लांब असली की अडवत नाही. दाटीच्या पेठांतही गच्चीवर जागा मिळते ती त्यामुळे. झाड मात्र अडवतं, आणि उन्हाळ्यात मोकळं वाटलेलं झाड पावसाळ्यात भरतं.

एक युक्ती सांगते. १२-१३ मार्चच्या आणि ३० सप्टेंबर-१ ऑक्टोबरच्या आसपास, सकाळी अकरा ते सव्वाअकराच्या सुमारास सूर्य आपल्याकडून पाहताना जवळजवळ या उपग्रहाच्या मागे येतो. त्या वेळी छत्रीच्या जागेवर ऊन पडत असेल तर जागा मोकळी आहे, सावली असेल तर अडथळा आहे. त्याच दिवसांत काही मिनिटं चित्र फुटतं किंवा जातं. सूर्याच्या रेडिओ लहरी सिग्नलवर मात करतात म्हणून. तेव्हा केबलवाल्याला किंवा छत्रीला शिव्या देऊ नका, थोड्या वेळाने आपोआप येतं.

आता क्रमाने:

(क) खांब ओळंब्यात उभा आहे याची खात्री करा. खांब तिरका असेल तर पुढचे सगळे कोन फसवतात.

(ख) दिशा मोबाइलच्या होकायंत्राने घ्या, पण पत्र्याच्या शेडपासून, लोखंडी टाकीच्या स्टँडपासून आणि खुद्द छत्रीपासून चार पावलं लांब उभं राहून. लोखंडाजवळ काटा भरकटतो. दिशा समोरच्या एखाद्या इमारतीवर हेरून ठेवा आणि मग छत्रीशी जा.

(ग) उंची लावताना फसू नका. आपल्या घरगुती छत्र्या ऑफसेट असतात, म्हणजे एलएनबी मध्यावर नसून खालच्या बाजूला असतो. अशी छत्री ६१ अंशांकडे पाहत असताना तिचा चेहरा त्याहून वीस-पंचवीस अंश खाली झुकलेला दिसतो. 'आकाशाकडे बघतच नाहीये' असं वाटून लोक ती आणखी वर करतात आणि सिग्नल हातचा घालवतात. मागच्या पट्टीवर कोनाचे आकडे कोरलेले असतील तर ते वाचा, डोळ्यांवर विसंबू नका.

(घ) बॉक्समध्ये किंवा सॉफ्टवेअरमध्ये सिग्नलचं पान उघडा. तिथे दोन पट्ट्या असतात, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. स्ट्रेंग्थ म्हणजे वायर आणि एलएनबी जिवंत आहेत एवढंच. छत्री भिंतीकडे वळवली तरी ती बरीच भरलेली दिसू शकते. पाहायची ती क्वालिटी. एक जण गच्चीवर, एक टीव्हीपुढे, मध्ये मोबाइलचा स्पीकर चालू. छत्री एका वेळी बोटभर सरकवायची आणि तीन-चार सेकंद थांबायचं. ट्यूनरला सिग्नलवर बसायला तेवढा वेळ लागतो. भराभर फिरवणारा माणूस उपग्रहावरून दहादा पुढे जातो आणि त्याला पत्ता लागत नाही.

(ङ) क्वालिटी आली की एलएनबीची पकड सैल करून तो स्वतःभोवती हळूहळू फिरवा. उपग्रह आपल्या ऐन दक्षिणेला नाही, त्यामुळे लहरींची उभी-आडवी दिशाही इथे तिरकी पोचते. बसवणारे ही पायरी नेमाने टाळतात. कोरड्या दिवशी फरक दिसत नाही, पण वळवाच्या पावसात पहिलं चित्र जातं ते अशाच घराचं.

(च) वायर भिंतीत शिरण्याआधी तिला खाली एक झोका द्या, म्हणजे पाणी तिथेच ठिबकेल. एफ कनेक्टरवर रबरी टेप घट्ट गुंडाळा. आपल्या उन्हात स्वस्त वायरीचं वरचं आवरण तडकतं, मग पावसाळ्यात पाणी आत शिरतं. विजा कडाडायला लागल्या की बॉक्समागची वायर काढून ठेवायची सवय लावा.

६. चॅनेल शोधा

इथल्या निम्म्या तक्रारी एकाच कारणाने असतात. एलएनबीची सेटिंग चुकलेली असते.

उपग्रहावरून सिग्नल ११,००० मेगाहर्ट्झच्या आसपास येतो. एवढी मोठी फ्रिक्वेन्सी वायरीतून खाली आणणं अवघड. म्हणून एलएनबी त्यातून ठरावीक आकडा वजा करतो आणि ९५० ते २१५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात सिग्नल खाली पाठवतो. उदाहरणार्थ फ्री डिशच्या ११०९० च्या ट्रान्सपाँडरमधून ९७५० वजा केले की उरतात १३४०. ट्यूनर वायरीत १३४० वर जाऊन तो पकडतो. आता सेटिंगमध्ये चुकून १०६०० एकटंच निवडलेलं असेल तर यंत्र ४९० वर शोधायला जातं. तो आकडा ट्यूनरच्या पट्ट्यातच नाही. छत्री अगदी अचूक लागलेली असली तरी चॅनेल शून्य. म्हणून आधी 'युनिव्हर्सल, ९७५०/१०६००' हेच निवडलंय का ते पाहा.

बाकीच्या नोंदी: उभी दिशा म्हणजे 'व्ही' (ट्यूनर त्यासाठी १३ व्होल्ट पाठवतो, आडव्या 'एच'साठी १८), सिम्बॉल रेट (सिग्नलचा वेग) २९५००. एलएनबी एकच असेल तर डायसेक (अनेक एलएनबींतून एक निवडायची सोय) बंद ठेवा.

एका वायरीला साधा स्प्लिटर लावून दोन बॉक्स चालवायचा मोह टाळा. दोन्ही बॉक्स आपापला व्होल्टेज वर पाठवतात आणि एलएनबी कुणाचं ऐकावं या गोंधळात पडतो. ट्विन एलएनबी आणि दोन स्वतंत्र वायरी, हाच सरळ उपाय.

कॉम्प्युटरवाल्यांसाठी रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर: विंडोजवर नेक्स्टपीव्हीआर, लिनक्सवर किंवा रास्पबेरी पाय या चिमुकल्या कॉम्प्युटरवर टीव्हीहेडएंड. दोन्ही मोफत. टीव्हीहेडएंड ब्राउझरमध्ये ९९८१ या पोर्टवर उघडतं. त्यातला क्रम ध्यानात ठेवा: आधी ट्यूनर चालू करायचा, मग नेटवर्क बनवायचं, त्यात एक ट्रान्सपाँडर हाताने भरायचा, शोध चालवायचा, आणि शेवटी सापडलेल्या सेवा चॅनेलांना जोडायच्या. ही शेवटची पायरी राहिली तर शोध पूर्ण होऊनही चॅनेलांची यादी रिकामी दिसते. नवखे इथेच हात टेकतात.

७. रेकॉर्डिंग लावा

आमच्याकडे हा उद्योग सासूबाईंमुळे रुळला. त्या विजापूरकडच्या, चंदनावरचे कार्यक्रम त्यांना हवेत आणि त्यातले आवडीचे नेमके त्यांच्या झोपेच्या वेळी लागतात. त्यामुळे हाताने बटण दाबून रेकॉर्ड करणं आमच्या कामाचं नव्हतं, टायमरच हवा होता. टायमरचे खाचखळगे असे:

घड्याळ. बॉक्सला वेळ उपग्रहावरून मिळते, पण ती जागतिक वेळ असते. भारतासाठी त्यात साडेपाच तास मिळवायचे असतात आणि ती सेटिंग तुम्हाला करावी लागते. कित्येक बॉक्स '+५' किंवा '+८' वर येतात. '+५' असेल तर सगळी रेकॉर्डिंग अर्धा तास उशिरा सुरू होतात. पहिला टायमर लावण्याआधी बॉक्सचं घड्याळ आणि मोबाइलचं घड्याळ शेजारी ठेवून बघा.

आगे-मागे वेळ सोडा. सरकारी चॅनेलवर थेट प्रक्षेपण लांबलं की पुढचे कार्यक्रम सरकतात. वेळापत्रक तेवढ्या लगबगीने बदलत नाही, काही चॅनेलांचं तर स्क्रीनवर येतच नाही. पाच मिनिटं आधी आणि पंधरा मिनिटं नंतर, हा माझा नेम. सामना असेल तर तासभर.

वीज. भिंतीवरचं बटण बंद करून कामावर गेलात तर टायमर कसा चालणार? बॉक्स रिमोटने झोपवायचा, बटण चालू ठेवायचं. लाइट जाऊन आली की काही बॉक्स जागे होतात, काही मेल्यासारखे पडून राहतात. घेतल्यावर एकदा मुद्दाम बटण बंद-चालू करून तुमचा कुठल्या जातीचा ते बघा. कॉम्प्युटर असेल तर ठरावीक वेळी झोपी जायची सेटिंग काढून टाका.

डिस्कचं फॉरमॅट. फॅट३२ मध्ये एक फाइल ४ जीबीच्या पुढे वाढत नाही. काही बॉक्स मग पुढची फाइल सुरू करतात, काही मुकाट्याने थांबतात. बॉक्स चालवत असेल तर एक्सफॅट किंवा एनटीएफएस ठेवा.

जागा किती लागेल? फ्री डिशच्या जुन्या पद्धतीच्या एका ट्रान्सपाँडरमधून सेकंदाला सुमारे ४० मेगाबिट माहिती येते. ती वीसेक चॅनेलांत वाटली तर एकाला साधारण २ मेगाबिट. तासाचा हिशेब ९०० एमबी. म्हणजे ६४ जीबीच्या पेन ड्राइव्हवर साठेक तास सहज बसतात. एचडी चॅनेल ८ मेगाबिटचं असेल तर तासाला ३.६ जीबी. शक्यतो पेन ड्राइव्हऐवजी डिस्क वापरा. सतत लिहून-पुसून स्वस्त पेन ड्राइव्ह लवकर दमतात, आणि मग रेकॉर्डिंगमध्ये मध्येच झटके दिसू लागतात. लोक तेव्हा छत्री हलवायला गच्चीवर जातात. आधी दुसरा पेन ड्राइव्ह लावून बघा.

८. फाइलींचं काय करायचं

फाइल बहुधा '.टीएस' या शेपटीची असते. व्हीएलसीमध्ये थेट चालते. हलत्या चित्रात आडव्या रेषा फाटल्यासारख्या दिसल्या तर व्हीएलसीत डीइंटरलेस चालू करा. रेकॉर्डिंग खराब नाही, टीव्हीचं प्रक्षेपणच अर्ध्या-अर्ध्या ओळींनी येतं. जाहिराती आणि पुढचा-मागचा भाग लॉसलेसकट या सॉफ्टवेअरने कापता येतो, त्यात चित्र नव्याने बनत नसल्याने दोन-चार मिनिटांत काम होतं.

कायद्याचं एवढं लक्षात ठेवा. प्रताधिकार कायदा, १९५७ च्या कलम ३९ मध्ये स्वतःच्या खासगी वापरासाठी प्रक्षेपण रेकॉर्ड करायला मुभा आहे, खऱ्याखुऱ्या अध्यापनासाठी आणि संशोधनासाठीही. तीच फाइल यूट्यूबवर चढवणं किंवा पेन ड्राइव्हमध्ये भरून विकणं या मुभेत बसत नाही.

९. चॅनेल गायब झालं तर

एकच गेलं असेल तर छत्रीला हात लावू नका. फ्री डिशवरच्या खासगी चॅनेलांच्या जागा लिलावाने दिल्या जातात आणि बरेच बदल एक एप्रिलच्या आसपास होतात. काही जातात, काही येतात, काही दुसऱ्या ट्रान्सपाँडरवर सरकतात. पुन्हा शोध चालवा. बॉक्समध्ये नव्याने शोध घेतला की चॅनेलांचे क्रमांक बदलतात आणि जुने टायमर त्या क्रमांकांना चिकटून राहतात. चंदना समजून लावलेला टायमर मग भलतंच काही रेकॉर्ड करत बसतो. म्हणून शोधानंतर सगळे टायमर पुसून नव्याने लावा.

एका ट्रान्सपाँडरवरची सगळी गेली असतील आणि बाकी ठीक असतील तर त्याची नोंद तपासा. सगळीच गेली असतील तर आधी बॉक्समागचा कनेक्टर, मग गच्चीवरचा, मग एलएनबीचं तोंड. तिथे चिमण्यांचं किंवा गांधीलमाशीचं घर सापडलं तर नवल नाही, तेव्हा हात घालण्याआधी बघा. छत्री हलवायची ती सगळ्यात शेवटी, आणि हलवण्याआधी खांबावर मार्करने खूण करून ठेवा.